उठून बोलायची मुभा

१२ जानेवारी

ताईस सप्रेम सलाम,

परवा फोनवर तुला सगळं ठीक आहे म्हणालो, पण ठीक नाहीये. आमचा फोन बाहेरच्या खोलीत आहे आणि तिथे मंडळीतलं कोणी ना कोणी बसलेलं असतंच. म्हणून हे लिहितोय.

गेल्या रविवारी सुतारकाकांनी मला भर उपासनेत टोकलं.

आपल्या मंडळीची जुनी पद्धत तुला माहीतच आहे. उपदेश संपला की पाळक विचारतो, कुणाला काही बोलायचंय का, आणि ज्याला वाटेल तो उठून बोलतो. मंडळी काकांच्या कारखान्यात भरायची, पाळक असा नव्हताच, तेव्हापासून हे चालत आलंय. तेव्हा वीस माणसं रंध्याच्या भुशात बसायची, तेव्हा ते ठीक होतं. आता दीडशे जण आहेत, इमारत आहे, आणि सात वर्षांपासून मी आहे. तरी मी ती पद्धत मोडली नव्हती. बहुतेक वेळा कुणाच्या तरी कंबरदुखीसाठी प्रार्थनेची विनंती असते, नाहीतर गाण्याच्या सरावाला दांड्या मारणाऱ्यांबद्दल गायनमास्तरांची तक्रार.

त्या दिवशी मी घरातल्या शिस्तीवर बोललो. चार दिवस तयारी केली होती. बोलणं संपवून विचारलं, तर काका उठले. पास्टर जे बोलले ते बरोबर नाही, त्यांनी ते मागे घ्यावं, म्हणाले. तिथल्या तिथे, सगळ्यांसमोर. शेवटची प्रार्थना कशीबशी केली आणि खाली उतरलो. दारात लोकांनी हात मिळवले, पण नजर दुसरीकडे.

आपल्या पंचमंडळाचे चिटणीस शिंपी, ते मागे थांबले. म्हणाले, "पास्टर, आज गप्प बसलात तर उद्या कुणीही उठेल."

दुसरं कुणी असतं तर मी सोडून दिलं असतं. पण माझ्या बाप्तिस्म्याच्या दिवशी मला हातात धरून उभे होते ते काका. घरचाच पोरगा पाळक कसा चालेल, असं निम्मी मंडळी म्हणत होती, तेव्हा माझं नाव पुढे करणारेही तेच. मी पाळक झालो तेव्हापासून चारचौघांत मला 'तुम्ही' म्हणतात, पण परवा त्यांच्या समोर उभा राहिलो तर वाटलं, मी अजून त्यांच्या कारखान्यात वाकडे खिळे सरळ करत बसलोय.

तू चाळीस खाटांचा वॉर्ड वीस वर्षं सांभाळलास. तूच सांग, काय करू?

तुझा,
धाकला


२० जानेवारी

प्रिय धाकल्या,

पत्र पोचलं. दोनदा वाचलं. काकांचं चुकलं. वय झालं म्हणून काहीही बोलायचा परवाना मिळत नाही.

वॉर्डात दोन इनचार्ज चालत नाहीत. माझ्या ड्युटीत एखादी पोरगी पेशंटसमोर मला उलटून बोलली असती तर तिला दुसऱ्या दिवशी कपाटातल्या चादरी मोजायला बसवली असती. तुझ्यावर जबाबदारी टाकली आहे ती तू पेलायची. मंडळीला वाटता कामा नये की वर उभा राहणारा माणूस कच्चा आहे.

पण काका म्हणजे कुणी परके नव्हेत. आई आजारी होती तेव्हा रोज संध्याकाळी येऊन तिच्या उशाशी बसायचे, बोलायचे काहीच नाहीत. तेव्हा जे काही ठरवशील ते त्यांच्या घरी जाऊन, समोर बसून सांग. काकू चहा करतील, तो पी. शिंप्याला मध्ये घेऊ नकोस. तो लहानपणापासून दोन्हीकडची मापं घेणारा.

आणि एक. तू उपदेशात नेमकं काय बोललास ते पत्रात लिहिलंच नाहीस. काका उगाच उठणाऱ्यातले नाहीत. तेवढं कळव.

गुडघा तसाच. जिन्याच्या अठरा पायऱ्या आता अठ्ठावीस वाटतात.

ताई


२ मार्च

ताईस सलाम,

उत्तराला उशीर झाला. इथे खूप काही होऊन गेलं.

पंचमंडळाची बैठक घेतली, उपासनेच्या मागच्या खोलीत. आम्ही आठ जण, मी आणि सात पंच. मी सुचवलं की उपदेशानंतर उठून बोलणं बंद करावं. ज्याला काही सांगायचंय त्याने चिठ्ठी लिहून शिंप्यांकडे द्यावी, मी ती वाचेन. काकांनी विचारलं, ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी काय करायचं? दुसऱ्याकडून लिहून घ्यावं, मी म्हणालो. "मग ते दुसऱ्याचं बोलणं झालं," ते म्हणाले.

हात वर झाले. पाच माझ्या बाजूने, काका आणि गायनमास्तर विरुद्ध. ठराव झाल्यावर काका म्हणाले, नियम झाला असला तरी वेळ आली तर मी उठेन. मग मात्र मला बोलावं लागलं. ठराव न पाळणारा माणूस पंच राहू शकत नाही, असं मी सांगितलं. आवाज चढवला नाही, हे मुद्दाम लिहितो. एवढंच म्हणालो की हा अधिकार मी माझ्या हाताने घेतलेला नाही, वरून दिलेला आहे, आणि त्याचं उत्तर मला द्यायचंय.

काका माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, "उत्तर द्यायचंय ना? मग प्रश्न ऐकायला नकोत का?"

त्यांनी खिशातून इमारतीची किल्ली काढली, टेबलावर ठेवली आणि गेले. एकतीस वर्षं ती त्यांच्याकडे होती. चष्मा मात्र विसरून गेले. तो मी शिंप्यांच्या हातून पाठवून दिला.

तू घरी जा म्हणाली होतीस. जाणारच होतो. पण आता गेलो तर माघार घेतल्यासारखं दिसेल. थोडं निवळू दे.

उपदेशात विशेष काही नव्हतं. मुलांना धाक हवा, एवढंच. प्रत्येक पाळक वर्षातून एकदा तेच सांगतो.

तुझा,
धाकला


११ मार्च

प्रिय धाकल्या,

तू चष्मा शिंप्याच्या हातून पाठवलास, ते वाचून मला बरं वाटलं नाही. तीन गल्ल्या ओलांडायच्या होत्या तुला.

ठराव झाला, तुझं म्हणणं राहिलं. आता जिंकणाऱ्याने वाकायचं असतं. तू पाळक आहेस, तुला मी काय शिकवणार? पण एवढं आठव, ज्याच्या हातात सगळं होतं तो त्या संध्याकाळी कमरेला टॉवेल बांधून शिष्यांचे पाय धुवायला बसला. कुणी सांगितलं नव्हतं त्याला. मोठेपणा कुठे असतो ते त्याने बोलून नाही दाखवलं, पाणी ओतून दाखवलं. त्याच्या नावाने उभा राहतोस तर अधूनमधून खालीही बस.

काकूंचं पत्र दर महिन्याला यायचं. या महिन्यात आलं नाही.

ताई


५ एप्रिल

ताईस सलाम,

तुझं ऐकलं. ऐकून काय झालं ते वाच.

गुरुवारी संध्याकाळी खास उपासना ठेवली. वेदीपुढे सात खुर्च्या मांडल्या. सहा पंचांना बोलावलं आणि सातव्या खुर्चीसाठी काकांचं नाव मी स्वतः पुकारलं. नवं घमेलं आणलं होतं, सात पांढरे टॉवेल. सगळी मंडळी आली होती, इतकी की मागे उभं राहावं लागलं. मी झगा काढून ठेवला, बाह्या दुमडल्या आणि गुडघ्यांवर बसून एकेकाचे पाय धुतले. शिंपी तर रडले. लोकही रडत होते. मला वाटलं, झालं, आता सगळं विरघळेल.

काका आले होते, खुर्चीत बसलेही. पण बूट काढले नाहीत. मी त्यांच्यापुढे जाऊन बसलो तर ते खाली वाकले, माझ्या कानाशी काहीतरी म्हणाले, आणि उठून चालते झाले. दीडशे माणसांसमोर मी हातात ओला टॉवेल घेऊन गुडघ्यांवर बसलेला. काय म्हणाले ते लिहीत नाही. तुला वाईट वाटेल.

यापेक्षा जास्त मी काय वाकायचं, ताई? समेट नाकारणाऱ्या माणसाला प्रभुभोजनाची भाकर द्यायची का, असा प्रश्न पंचांनीच काढला. त्यांनी मंडळीपुढे दिलगिरी व्यक्त करेपर्यंत देऊ नये, असं ठरलं. मी एकट्याने नाही, सगळ्यांनी मिळून ठरवलं.

मला मुळीच बरं वाटत नाहीये. पण काही गोष्टी बरं वाटतं म्हणून करायच्या नसतात.

तुझा,
धाकला


१९ एप्रिल

चि. ताईस अनेक आशीर्वाद,

मला लिहायचं जमत नाही हे तुला ठाऊक आहे. एरवी हे लिहून देतात, पण या पत्राचं त्यांना सांगितलेलं नाही. इस्त्रीवाल्या बाईंची थोरली लिहितेय, मी सांगतेय. तिच्याच आईची गोष्ट आहे, म्हणून तिलाच बसवलं.

तुला धाकल्याने काय कळवलं मला माहीत नाही. पण त्या रविवारी तो म्हणाला की ज्या घरात धाक नसतो त्या घरातलं पोर शेवटी तुरुंगात जातं, आणि मग आई देवाला विचारते, माझंच का. ताई, आपल्या मंडळीत तुरुंगात मुलगा असलेलं घर एकच आहे. बाई तिसऱ्या बाकावर बसली होती. सगळ्यांनी तिच्याकडे वळून बघितलं. तिने पदर तोंडात धरला.

हे उठले ते तिच्यासाठी. म्हणाले, "पास्टर, ज्यांच्याविषयी तुम्ही बोललात त्या इथे बसल्या आहेत. त्यांना उठवत नाहीये म्हणून मी उठलो. एवढं तुम्ही मागे घ्या." इतकंच. एक शब्द जास्त नाही, कमी नाही.

पाय धुवायच्या दिवशी हे जायला तयार नव्हते. मीच पाठवलं. मला वाटलं, पोराला उपरती झाली. घरी आल्यावर विचारलं, तुम्ही त्याच्या कानात काय सांगितलंत. म्हणाले, मी म्हणालो, "बाळा, माझे पाय नंतर धू. आधी त्या बाईकडे जाऊन ये."

या महिन्यात भाकरीचं तबक यांच्यापाशी आलं तेव्हा शिंप्याने ते वरून उचलून पुढच्याला दिलं. ते ज्या टेबलावर ठेवलेलं असतं ते टेबल यांनीच केलंय, आमच्या लग्नाच्या वर्षी. तरी हे दर रविवारी जातात, शेवटच्या बाकावर बसतात. मी म्हटलं, नका जाऊ. तर म्हणतात, मला तबक दिलं नाही म्हणून काय देव उपाशी ठेवणार आहे का. हसतात. पण जिना चढताना दोनदा थांबतात आता.

बाई यायची बंद झाली.

तू भावाला काही बोलू नकोस. तुला कळावं, एवढंच.

काकू


२८ एप्रिल

धाकल्या,

मला सगळं कळलं. कुणाकडून, ते विचारू नकोस. तू मला तीन पत्रांत जे लिहिलं नाहीस ते एका पत्रात समजलं.

रागवायला हवं, पण माझ्या हातून ते होत नाही. याचं कारण तुला कधी सांगितलं नाही. कुणालाच सांगितलं नाही. तुझ्या दाजींनाही नाही.

निवृत्त व्हायच्या सहा वर्षं आधीची गोष्ट. वॉर्डात एक नवी नर्स आली होती. हुशार, पण हात थरथरायचे. एक दिवस तिने ट्रे पाडला. मी तिला सगळ्या पेशंटसमोर झाडलं. हात असे थरथरत असतील तर घरी बसून भांडी घास, असं म्हणाले. दोन-तीन पेशंट हसले. मला वाटलं, वॉर्ड कसा सरळ होतो बघा.

आठवड्याने तिने अकरा नंबरच्या खाटेवरच्या बाईला इंजेक्शनचा दुप्पट डोस दिला. दहा मिनिटांत तिच्या लक्षात आलं. दहा मिनिटांत, धाकल्या. तेव्हा सांगितलं असतं तर उतारा होता, डॉक्टर वरच्या मजल्यावर होते. मी पंधरा पावलांवर टेबलाशी बसले होते. पण ती माझ्याकडे आली नाही. चादरींच्या खोलीत जाऊन बसली. दुपारी चारला ती बाई गेली.

चौकशी झाली. चूक नर्सची. तिची नोकरी गेली. कागदावर इनचार्ज म्हणून मी सही केली. माझ्यावर ठपका आला नाही. उलट, कडक शिस्तीचा वॉर्ड असा शेराच मिळाला. जाताना तिला विचारलं, का नाही आलीस माझ्याकडे? ती म्हणाली, "सिस्टर, तुमची भीती वाटली."

जानेवारीत मी तुला मोठ्या तोंडाने लिहिलं की वॉर्डात दोन इनचार्ज चालत नाहीत. ते लिहिताना अकरा नंबरची खाट आठवली होती. तरी लिहिलं. मला कुणीतरी म्हणायला हवं होतं की त्या दिवशी तू बरोबर होतीस. मी ते तुझ्याकडून म्हणवून घेत होते.

आणि ते पाय धुण्याचं. मी सांगितलं त्याचा तू सोहळा केलास. खाली बसायलाही तुला सातवी खुर्ची आणि भरलेली मंडळी लागली. काका बूट घालून उठून गेले नसते तर त्या संध्याकाळी तुझाच विजय झाला असता, आणि ती इस्त्रीवाली बाई घरीच बसली असती.

तुझ्याविरुद्ध उठून बोलणारा एकच माणूस होता. तू त्याला बसवलंस. आता तुझं काही चुकलं तर तुला सांगायला कोण येणार आहे? सगळे चादरींच्या खोलीत जाऊन बसतील.

बाईकडे जा. मग काकांकडे. हे दोन्ही करताना कुणाला सांगू नकोस.

ताई


१ जुलै

ताईस,

तुझ्या पत्राला काय उत्तर द्यावं कळेना, म्हणून दिलं नाही. वॉर्डातल्या त्या गोष्टीचं वाईट वाटलं. पण इंजेक्शन वेगळं आणि उपदेश वेगळा.

विभागीय मंडळाकडून दोन वडीलधारे येऊन गेले. दोन दिवस राहिले, वह्या बघितल्या, ठराव वाचले. त्यांचं पत्र परवा आलं. पाळकाने घेतलेला प्रत्येक निर्णय नियमाला धरून आहे, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. तुला खरं वाटावं म्हणून कळवलं.

गायनमास्तर आणि साठ-सत्तर जण आता रविवारी दुपारी शाळेच्या हॉलमध्ये जमतात. आपल्याकडे गाणं म्हणायला माणसं उरली नाहीत, म्हणून टेप लावतो.

उपासना अगदी शांततेत होते. शिंप्यांच्या पेटीत चार महिन्यांत दोन चिठ्ठ्या आल्या. एक पंख्याच्या खडखडाटाबद्दल. दुसरी कोरी होती.

धाकला


१४ ऑगस्ट

धाकल्या,

हे पत्र तुला टपालाने येणार नाही. मी इथेच आहे, काकांच्या घरी, तुझ्यापासून तीन गल्ल्यांवर. मंगळवारच्या बसने आले. तुझ्याकडे उतरले नाही याचं वाईट वाटून घेऊ नकोस. इथे हातांची गरज होती.

काकांचं हृदय थकलंय. डॉक्टर म्हणाले, आता दिवस मोजायचे. आडवं झालं की श्वास लागतो, म्हणून उशा रचून बसवून ठेवलंय. पाय सुजून भोपळ्यासारखे झालेत. सकाळ-संध्याकाळ कोमट पाण्याने पुसते, बोटांच्या मध्ये कोरडे करते, नाहीतर कातडी फुटते. वीस मिनिटं लागतात. काकू पाणी आणून देतात. आणखी कुणी नसतं.

शाळेच्या हॉलवाले मे महिन्यात काकांना न्यायला आले होते, तुम्हीच आमचे पुढारी व्हा म्हणून. काकांनी त्यांना परत पाठवलं. पुढारी व्हायचं असतं तर किल्ली कशाला ठेवली असती, म्हणाले. गेल्या रविवारपर्यंत ते तुझ्याच उपासनेला येऊन शेवटच्या बाकावर बसत होते. तुला तिथून दिसत असतीलच. शेवटचे दोन रविवार कुणाच्या तरी खांद्याला धरून आले.

काल मला विचारलं, "धाकला जेवतो का वेळेवर? वाळलाय."

मी काय उत्तर देऊ?

माझ्या हातून तुझं नुकसान झालंय. तुला ताठ राहा म्हणून सांगणारी पहिली मीच, आणि मग दूर बसून वाक म्हणून लिहिणारीही मीच. पत्रातून सांगायच्या गोष्टी नव्हत्या त्या. तेव्हाच उठून यायला हवं होतं. गुडघ्याचं निमित्त केलं.

ये. पास्टर म्हणून येऊ नकोस, नुसता ये. दार लोटलेलं असतं.

ताई


४ ऑक्टोबर

ताईस सलाम,

तू इथे असताना आपण नीट बोललो नाही. बोलता आलं नाही. तू बसमध्ये चढलीस तेव्हाही मी पिशवीच नीट ठेवत राहिलो. म्हणून आता लिहितो.

तुझी चिठ्ठी मला गुरुवारी सकाळी दाराखाली मिळाली. मी आलो शुक्रवारी. मधला एक दिवस मी काय केलं माहीत आहे? काकांपुढे काय बोलायचं ते कागदावर लिहून काढत होतो. चार वेळा लिहिलं.

मी आलो तेव्हा तू स्वयंपाकघरात होतीस, म्हणून आमचं बोलणं तुला माहीत नाही. कागद खिशातच राहिला. काका उशांना टेकून बसले होते, ओठ निळसर. मला बघून म्हणाले, "उशीर केलास." मग श्वास घ्यायला थांबले. मी म्हणालो, काका, माझं चुकलं, मला माफ करा. त्यांनी हात हलवला, माशी उडवावी तसा.

"ते केव्हाच झालं रे," म्हणाले. "बाईकडे गेलास का?"

नाही म्हणालो. एप्रिलमध्ये त्यांनी कानात सांगितलं होतं, तू पत्रात लिहिलं होतंस, आणि ऑगस्टचा मध्य आला तरी मी गेलो नव्हतो. त्यांनी डोळे मिटून घेतले. मी उठलो आणि तिथून तडक गेलो. म्हणून तुला न सांगता बाहेर पडलो होतो.

बाई इस्त्री करत होत्या. दवाखान्याच्या चादरींचा ढीग शेजारी, खोलीत जागाच नव्हती, मी दारात उभा राहिलो. जे बोलायचं ते बोललो. त्यांनी इस्त्री थांबवली नाही. एक चादर पुरी झाली, घडी घातली, दुसरी घेतली. मग म्हणाल्या, "पास्टर, तुम्ही म्हणालात ते मी रोज स्वतःला म्हणते. तुम्ही नवीन काही सांगितलं नाहीत. फक्त सगळ्यांसमोर सांगितलंत."

माफ केलं, असं त्या म्हणाल्या नाहीत. मी वाट बघितली नाही, असं म्हणवत नाही. बघितली.

मी परत येईपर्यंत तू काकांचे डोळे मिटले होतेस. बाईकडे जाऊन आलो, हे मला त्यांना सांगता आलं नाही. तीन गल्ल्यांचं अंतर, ताई.

प्रार्थना गायनमास्तर करतील, असं काकू म्हणाल्या तेव्हा तू माझ्याकडे बघितलंस, मी काही बोलेन की काय म्हणून. मला बोलायचं नव्हतं. रांगेत उभं राहून मूठभर माती टाकता आली तेवढं माझ्यासाठी पुष्कळ होतं.

तू गेल्यानंतरच्या रविवारी मी मंडळीपुढे सगळं सांगितलं. बाईंचं, काकांचं, प्रभुभोजनाचं. माझ्या अधिकाराच्या नावाखाली मी माझा मान राखत होतो, असं म्हणालो. ठराव रद्द केल्याचं सांगितलं आणि विचारलं, कुणाला काही बोलायचंय का? कुणी उठलं नाही. मी बराच वेळ थांबलो. माझ्यावर कुणी चिडेल, निदान उठून बाहेर जाईल, असं वाटत होतं. सगळे बसून राहिले. दारात शिंपी हात मिळवून म्हणाले, "काय सुंदर बोललात पास्टर. इतका नम्रपणा कुणाकडे असतो?" आणि पुढच्या बैठकीची तारीख विचारली.

पाच रविवार झाले. मी दर वेळी विचारतो, थांबतो. पंखे खडखडतात. कुणी उठत नाही. विभागीय मंडळाला पत्र लिहून मला इथून हलवा म्हणून विनंती केली होती. त्यांचं उत्तर आलं की तुमच्याविरुद्ध एकही तक्रार नाही, मंडळी समाधानी आहे, जागा सोडायचं कारण दिसत नाही.

परवा दुपारी शाळेच्या हॉलवर गेलो. कुणाला सांगितलं नव्हतं. शाई आणि खडूचा वास, लहान मुलांचे बुटके बाक, मोठी माणसं गुडघे वर करून बसलेली. मी दाराशी पोचलो तेव्हा इस्त्रीवाल्या बाई उभ्या राहून बोलत होत्या. त्यांचा मुलगा पुढच्या महिन्यात सुटतोय, तो इथे यायचं म्हणतोय. कुणाला अडचण असेल तर आत्ता सांगा, त्याच्यासमोर नको. त्यांना मी दिसलो. त्या क्षणभर थांबल्या. मग राहिलेलं वाक्य पुरं करून खाली बसल्या. मास्तर म्हणाले, तो माझ्याजवळ बसेल.

मग सगळे गाण्यासाठी उभे राहिले. काहींनी मागे वळून मला बघितलं आणि पुन्हा पुढे बघितलं. कुणी या म्हणालं नाही, कुणी जा म्हणालं नाही. गाणं संपलं, सगळे बसले, मी एकटाच दाराशी उभा. आत जावं की परत फिरावं कळेना.

मागच्या बाकावर काकू होत्या, एकट्याच. शेजारी त्यांची कापडी पिशवी ठेवलेली. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. समोर बघत बघतच पिशवी उचलली आणि मांडीवर घेतली.

मी जाऊन बसलो. संपेपर्यंत तिथेच होतो.

तुझा,
धाकला